पडदा सुधारला, पण नजर?

फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पेग्सेटाकोप्लान नावाच्या इंजेक्शनला मान्यता दिली. उतारवयात काही जणांच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग हळूहळू झिजून नाहीसा होतो. या आजारावरचे हे पहिलेच मान्यताप्राप्त औषध होते. २०२४ मध्ये युरोपीय औषध संस्थेच्या तज्ज्ञ समितीने तेच औषध नाकारले. कंपनीने फेरविचाराची मागणी केली, तरी नकार कायम राहिला. दोन्हीकडे चाचण्या त्याच होत्या आणि आकडेही तेच. औषधाने पडद्याची झीज मंदावते, हे दोघांनाही मान्य होते. औषध घेणाऱ्यांची नजर न घेणाऱ्यांपेक्षा चांगली राहिल्याचे चाचणीत दिसले नाही, हेही दोघांना माहीत होते. वाद होता तो यापैकी कशाला ‘फायदा’ म्हणायचे यावर. नेत्रसंशोधनातला हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. पण डोळ्यात दर महिन्याला सुई टोचून घ्यायची की नाही, घरातले पैसे त्यावर खर्च करायचे की नाही, हे त्याच्या उत्तरावर ठरते. पडद्याच्या कोणत्याही उपचाराचा अंतिम निकाल माणसाला काय दिसते आणि त्या दिसण्याच्या बळावर तो काय करू शकतो, यावरच लागला पाहिजे. पडद्याच्या चित्रातली सुधारणा या निकालाच्या जागी तेव्हाच चालेल, जेव्हा चित्र आणि नजर यांचा संबंध आधी सिद्ध झालेला असेल. गेल्या पन्नास वर्षांतल्या मोठ्या चाचण्या ओळीने पाहिल्या, तर याच निष्कर्षाला यावे लागते.

पडदा म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या भिंतीवरचा, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा मज्जापेशींचा थर. त्यात सुमारे बारा कोटी दंडपेशी असतात. मंद प्रकाशात दिसते आणि कडेचे जाणवते ते त्यांच्यामुळे. साठेक लाख शंकुपेशी रंग आणि बारकावे टिपतात, आणि त्यांची सर्वांत दाट वस्ती पडद्याच्या मधोमध, म्हणजे मॅक्युला किंवा पीतबिंदूच्या केंद्रात असते. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सारी कामे या इवल्याशा जागेवर चालतात. शरीराच्या आत डोकावून रक्तवाहिन्या थेट पाहता येतात अशी ही एकमेव जागा. बाहुलीतून प्रकाश टाकला की पडदा दिसतो, त्याचा फोटो निघतो. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या चमूने ओसीटी हे तंत्र जगासमोर आणले आणि पडद्याचे थर उभ्या छेदात, काही मायक्रॉनच्या अचूकतेने पाहता येऊ लागले. आज पडद्याच्या डॉक्टरांकडे गेलेल्या माणसाच्या हातात पहिल्यांदा पडतो तो ओसीटीचाच रंगीत कागद. संशोधकांना या चित्राचा मोह पडावा यात नवल नाही. चित्र थकत नाही, अंदाजपंचे उत्तर देत नाही, डॉक्टरांना बरे वाटावे म्हणून वाढवून सांगत नाही. त्यात लहानसा बदलही मोजता येतो, त्यामुळे चाचणी कमी माणसांत, कमी वेळात आणि कमी खर्चात उरकते.

नजर मोजणे त्या मानाने कटकटीचे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये अक्षरांचा तक्ता तयार केला, आणि ‘सहा बाय सहा’ हे आपल्या बोलण्यात रुळलेले माप तिथूनच आले. निरोगी डोळ्याला जे अक्षर सहा मीटरवरून वाचता येते, ते तुम्हालाही सहा मीटरवरून वाचता आले तर नजर ६/६. चष्म्याचा नंबर काढायला हा तक्ता पुरेसा होता, संशोधनाला नव्हता. वरच्या ओळीत एकच अक्षर, खालच्या ओळींत जास्त. एका ओळीतून दुसरीत जाताना अक्षरे कधी थोडी लहान होणार, कधी एकदम. मग ‘दोन ओळी सुधारल्या’ याचा अर्थ प्रत्येकाच्या बाबतीत वेगळा. १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियात इयन बेली आणि जॅन लव्ही यांनी प्रत्येक ओळीत पाच अक्षरे असलेला आणि प्रत्येक ओळीगणिक अक्षरांचा आकार ठरावीक प्रमाणात घटवत नेणारा तक्ता बनवला. मधुमेहाने होणाऱ्या पडद्याच्या आजारावर अमेरिकेत चाललेल्या एका मोठ्या चाचणीने १९८२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती स्वीकारली, आणि तोच जगभरच्या नेत्रसंशोधनाचा मापदंड झाला. या तक्त्यावर पंधरा अक्षरे, म्हणजे तीन ओळी जास्त वाचता आल्या, याचा अर्थ निम्म्या आकाराचे अक्षर दिसू लागले. मात्र एकाच माणसाची लागोपाठ दोनदा तपासणी केली तरी चार-पाच अक्षरांचा फरक पडू शकतो, हे ध्यानात ठेवावे लागते.

नजरेला न्यायाधीश मानले की संशोधन किती निःसंदिग्ध होते, हे १९७० च्या दशकातल्या डायबेटिक रेटिनोपॅथी स्टडीने दाखवले. मधुमेहात पडद्यावर नाजूक, चुकार रक्तवाहिन्या फुटतात, त्यांतून रक्तस्राव होतो आणि माणूस आंधळा होऊ शकतो. पडद्याच्या कडेकडेने लेसरचे शेकडो चटके दिले तर हे टळते का, यावर तेव्हा डॉक्टरांत दोन तट होते. लेसरने वाहिन्या आक्रसतात हे फोटोत दिसत होते, पण तेवढ्यावर कोणी थांबले नाही. सतराशेहून अधिक रुग्णांपैकी प्रत्येकाच्या एका डोळ्यावर उपचार केला आणि दुसरा तसाच ठेवला. वय, साखर, रक्तदाब, खाणेपिणे दोन्ही डोळ्यांना सारखेच, त्यामुळे तुलना चोख. मोजले ते काय? किती डोळ्यांची दृष्टी जवळजवळ गेली. चार महिन्यांच्या अंतराने लागोपाठ दोन भेटींत, निरोगी डोळा दोनशे फुटांवरून वाचतो ते अक्षर पाच फुटांवरूनही न दिसणे, ही त्याची व्याख्या. लेसरने हे प्रमाण निम्म्याहून खाली आणले. १९७६ मध्ये निकाल इतका स्पष्ट होता, की तसाच ठेवलेला दुसरा डोळा धोक्याच्या टप्प्यात असेल तर त्यालाही लेसर देण्याची मुभा देण्यात आली. या अभ्यासाने आणखी एक काम केले. फोटोतल्या कोणत्या खुणा दिसल्या की अंधत्वाचा धोका खरोखर वाढतो, हे त्याने ठरवून दिले. चित्राला अर्थ आला तो असा, नजरेच्या मोजमापातून.

पुढची मोठी क्रांती इंजेक्शनांची. पडद्याखाली रक्तवाहिन्यांचे जाळे फुटून द्रव साचतो, तो वृद्धांमधल्या मॅक्युलाच्या आजाराचा ‘ओला’ प्रकार. या वाहिन्यांना वाढायला लावणारे प्रथिन रोखणारे रॅनिबिझुमॅब हे औषध २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मरिना चाचणीत तपासले गेले. ७१६ रुग्णांपैकी काहींना दरमहा औषध, काहींना लुटुपुटूचे इंजेक्शन. म्हणजे डोळा बधिर करायचा, सगळी तयारी तशीच करायची आणि सुई नसलेली सिरिंज डोळ्यावर दाबायची. रुग्णालाही कळू नये आणि अक्षरे वाचून घेणाऱ्यालाही. वर्षाअखेर पूर्ण मात्रा घेणाऱ्यांपैकी जवळपास ३४ टक्के लोक पंधरा किंवा अधिक अक्षरे जास्त वाचू लागले. लुटुपुटूच्या गटात हे प्रमाण ५ टक्के होते. चित्र आणि नजर इथे हातात हात घालून चालली. पण ती जोडीही कशी फसवू शकते, हे २०११ च्या कॅट चाचणीने दाखवले. कर्करोगासाठी बनलेले आणि डोळ्यासाठी लहान मात्रेत वापरले जाणारे बेव्हॅसिझुमॅब सुमारे ५० डॉलरना एक, तर रॅनिबिझुमॅब सुमारे २००० डॉलरना. अमेरिकी सरकारच्या निधीतून दोघांची थेट लढत लावली गेली. ओसीटीवर महागडे औषध सरळ सरस ठरले. दरमहा इंजेक्शन घेणाऱ्यांत वर्षाअखेर पडदा पूर्ण कोरडा झालेले रॅनिबिझुमॅबचे सुमारे ४४ टक्के, बेव्हॅसिझुमॅबचे २६ टक्के. अक्षरांच्या तक्त्यावर मात्र सरासरी वाढ साडेआठ आणि आठ, म्हणजे फरक नाहीच. निकाल ओसीटीवर लावला असता, तर चाळीसपट स्वस्त औषध त्या दिवशीच बाद झाले असते. या औषधाला डोळ्यासाठी रीतसर परवाना नसूनही भारतातल्या असंख्य रुग्णांना आज ते परवडते म्हणून दिले जाते. त्यामागे या चाचणीचा मोठा आधार आहे.

मधुमेहातल्या दोन चाचण्यांनी हा मुद्दा आणखी टोकदार केला. पीतबिंदूला सूज आहे, पण नजर अजून जवळपास पूर्ण आहे, अशा ७०२ रुग्णांवरच्या अमेरिकी अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. एका गटाला लगेच अफ्लिबरसेप्ट या रॅनिबिझुमॅबसारख्याच औषधाची इंजेक्शने, दुसऱ्याला लेसर, तिसऱ्यावर फक्त नजर ठेवायची. मागच्या दोन गटांत नजर ढळली तरच इंजेक्शन. दोन वर्षांनी पाच किंवा जास्त अक्षरे गमावलेले अनुक्रमे १६, १७ आणि १९ टक्के, म्हणजे गणिती दृष्टीने सारखेच. सूज दिसली की टोचा, हा खाक्या दोन वर्षांत नजरेला काहीच जास्तीचे देऊन गेला नाही. दुसऱ्या चाचणीत मधुमेहाचा पडदाविकार बराच वाढलेला, पण नजरेवर परिणाम नसलेला, असे ३९९ डोळे होते. काहींना प्रतिबंध म्हणून अफ्लिबरसेप्ट, काहींना लुटुपुटू. चार वर्षांनी धोकादायक नव्या वाहिन्या फुटणे किंवा नजर घटवणारी सूज येणे याचे प्रमाण औषध गटात ३४ टक्के, लुटुपुटू गटात ५७ टक्के. चित्राच्या दृष्टीने हा दणदणीत विजय. आणि नजर? औषध गटाने सरासरी २.७ अक्षरे गमावली, दुसऱ्या गटाने २.४. कारण स्पष्ट होते. लुटुपुटू गटातल्या ज्यांचा आजार बळावला, त्यांना वेळेवर उपचार मिळाले आणि ते सावरले. आजाराची खूण टाळणे आणि आजाराने होणारे नुकसान टाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच दिसले असेल.

आता सुरुवातीच्या औषधाकडे वळू. मॅक्युलाच्या झिजेच्या ‘कोरड्या’ प्रकाराच्या शेवटच्या टप्प्यात पडद्यावर पेशी मेलेले भाग पडतात आणि ते नकाशावरच्या बेटांसारखे पसरत जातात. पेग्सेटाकोप्लानच्या ओक्स आणि डर्बी या दोन जुळ्या चाचण्यांत मिळून बाराशेहून अधिक रुग्ण होते. दोन वर्षांत मृत भागाची वाढ १७ ते २२ टक्क्यांनी मंदावली. मृत भाग कमी झाला नाही, फक्त थोडा हळू वाढला. अक्षरे, वाचनाचा वेग, वाचनाच्या रोजच्या कामांविषयीची प्रश्नावली, कशातही औषध घेणारे आणि लुटुपुटूवाले यांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. दरमहा औषध घेणाऱ्यांपैकी ११ ते १३ टक्क्यांना आजाराचा ओला प्रकार नव्याने जडला; लुटुपुटू गटात हे प्रमाण २ ते ४ टक्के होते. अमेरिकी नियामकाने मृत भागाचा वेग मंदावणे हाच फायदा मानला. युरोपने म्हटले, रुग्णाच्या रोजच्या जगण्यात फरक पडल्याचे दिसत नाही आणि डोळ्यात वारंवार सुई टोचण्याचा धोका मात्र खरा आहे. हातातल्या पुराव्यावर युरोपचा निर्णय मला जास्त सयुक्तिक वाटतो.

पण ‘नजर हीच कसोटी’ म्हणताना नजर म्हणजे तक्त्यावरची अक्षरे एवढाच अर्थ घेतला, तर तीही चूकच. तक्ता भर उजेडात, पांढऱ्यावर काळ्या ठसठशीत अक्षरांत, एका डोळ्याच्या मध्यभागाची परीक्षा घेतो. कडेची नजर, संध्याकाळचा अंधुक उजेड, फिकट रंगातला फरक यांची तो दखलच घेत नाही. मधुमेहात लेसर आणि रॅनिबिझुमॅब यांची तुलना करणाऱ्या २०१५ च्या चाचणीत दोन वर्षांनंतर अक्षरांत जेमतेम दोन-तीनचा फरक होता; परंतु कडेच्या दृष्टिक्षेत्राचे मोजमाप केले तेव्हा लेसर गटाचे नुकसान इंजेक्शन गटाच्या कैक पटींनी जास्त निघाले. याउलट, तक्ता कधी कधी नको तितका उदारही होतो. पडद्याखाली दोन मिलिमीटरची चिप बसवून आणि कॅमेऱ्याचा चष्मा देऊन कोरड्या झिजेच्या रुग्णांना पुन्हा वाचायला लावणाऱ्या प्रिमा उपकरणाचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर तपासलेल्या ३२ पैकी २६ जणांची तक्त्यावरची नजर लक्षणीय सुधारली. ही बाब थक्क करणारी आहे. मात्र त्या अक्षरांत कॅमेऱ्याच्या झूमचा वाटा आहे आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. माणूस घरात, रस्त्यावर काय करू शकतो, हे तपासल्याशिवाय या यशाचे खरे वजन कळणार नाही.

अशा तपासणीचा उत्तम नमुना दुर्मिळ आनुवंशिक अंधत्वावरच्या जनुकोपचाराने घालून दिला. आरपीई६५ या जनुकातल्या दोषामुळे मुले लहानपणापासून उजेडातही चाचपडतात आणि अंधारात त्यांना जवळजवळ दिसत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या जीन बेनेट आणि अल्बर्ट मॅग्वायर यांच्या प्रदीर्घ कामातून उभा राहिलेला हा उपचार तपासायला अक्षरांचा तक्ता अपुरा होता. म्हणून पाच फूट बाय दहा फुटांचा एक मार्ग तयार केला. जमिनीवर बाण, वाटेत वेगवेगळ्या उंचीचे अडथळे, शेवटी दार. रुग्णाला वाट पाठ होऊ नये म्हणून मांडणीचे बारा नमुने. उजेडाच्या सात पायऱ्या, ऑफिसातल्या लख्ख प्रकाशाइतक्या ४०० लक्सपासून अगदी मंद अशा १ लक्सपर्यंत. प्रत्येक फेरीचे चित्रीकरण होई, आणि कोणावर उपचार झाला हे माहीत नसलेले परीक्षक ते पाहून वेळ आणि चुका मोजत. वर्षाअखेर उपचार झालेल्या २० पैकी १३ जण १ लक्सच्या अंधारातून वाट काढत पार झाले. उपचार न झालेल्यांपैकी एकही नाही. तक्त्यावरची अक्षरे मात्र गणिती कसोटीवर उतरण्याइतकी वाढली नव्हती. केवळ तक्त्यावर भिस्त ठेवली असती, तर डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला हा उपचार कदाचित रखडला असता. त्याची किंमत, दोन्ही डोळ्यांना साडेआठ लाख डॉलर, हा स्वतंत्र आणि गंभीर प्रश्न आहे. पण तो परिणामाच्या सत्यतेचा प्रश्न नव्हे.

रोजच्या जगण्याचे मोजमाप प्रत्येक समाजात त्याच्या त्याच्या पद्धतीने करावे लागते. मोटार चालवणे, वर्तमानपत्र वाचणे यावर बेतलेली अमेरिकी प्रश्नावली आपल्याकडच्या, कदाचित न शिकलेल्या, शेतात राबणाऱ्या आजींना काय विचारणार? हे ओळखून भारतीय नेत्रतज्ज्ञ आणि लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमधले संशोधक यांनी इथल्या रुग्णांशी बोलून ३३ प्रश्नांची भारतीय दृष्टी-प्रश्नावली बनवली. २००५ मध्ये तिची पडताळणी प्रसिद्ध झाली. रस्त्यातले खड्डे-उंचवटे कळतात का, बसची पायरी दिसते का, कुलपाच्या भोकात किल्ली घालता येते का, नाणी आणि नोटा ओळखता येतात का, जेवणात काही पडले तर दिसते का, भांड्यात काही ओतताना ते कुठवर भरले हे कळते का, उन्हातून घरात आल्यावर दिसायला त्रास होतो का, असले तिचे प्रश्न. कोणाही घरातल्या माणसाला विचारावेत असे. पडद्यावरच्या औषधाने यातले काय बदलले, हे सांगणारी चाचणी तांत्रिक भाषेतल्या शंभर आकड्यांपेक्षा आपल्याला जास्त सांगून जाते.

या भूमिकेवर घेतला जाणारा सर्वांत वजनदार आक्षेप असा की पडद्याचे आजार संथ असतात. मेलेली शंकुपेशी परत येत नाही. नजर ढासळल्याचे सिद्ध होईपर्यंत थांबलो तर वाचवायला काही उरणारच नाही. आणि कोरड्या झिजेत मृत भाग केंद्राभोवती फिरत राहून केंद्र बराच काळ वाचतो, त्यामुळे दोन वर्षांत अक्षरे घटली नाहीत म्हणजे औषध निकामी, असे कसे म्हणता येईल? यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. म्हणून मधुमेहात नव्या वाहिन्या दिसताच उपचार करावा, हेच योग्य. पण तिथे त्या वाहिन्यांनी अंधत्व येते आणि त्यांवर लेसर केल्याने ते टळते, हा दुवा नजर मोजून सिद्ध झालेला आहे. कोरड्या झिजेत तो दुवा औषधाच्या बाबतीत अजून जुळायचा आहे. चाचणी दोन वर्षांत संपली म्हणून उत्तर आले नसेल, तर तोडगा लांब चाचणी हा आहे, सोपी कसोटी हा नव्हे. केवळ चित्रावर मान्यता द्यायचीच असेल, तर ती तात्पुरती असावी आणि ठरावीक वर्षांत नजरेचा पुरावा देण्याचे बंधन तिच्यासोबत यावे.

दुसरा आक्षेप मोजमापाच्या कच्चेपणाचा. अक्षरे वाचणे मूडवर, झोपेवर, सरावावर अवलंबून. प्रश्नावलीत माणूस आशेने उत्तर देतो. अडथळ्यांचा मार्ग तर उपचार करणाऱ्यांनीच आखलेला. या कच्चेपणाला उत्तर आहे ते चाचणीच्या आखणीत. लुटुपुटूचे इंजेक्शन, गट माहीत नसलेला परीक्षक, बदलती मांडणी, चित्रीकरण ही साधने नेमकी याच त्रुटी झाकण्यासाठी शोधली गेली. अडथळ्यांचा मार्ग निरोगी माणसांवरही तपासून पाहिला गेला होता. आणि गटात पुरेशी माणसे असली की वैयक्तिक चढउतार एकमेकांना छेद देऊन जातात. मापन अवघड आहे म्हणून सोप्या पण वेगळ्याच गोष्टीचे मापन करणे, हा उपाय होऊ शकत नाही.

तिसरा आक्षेप रुग्णाच्या बाजूचा. ज्याच्या हाती दुसरे काहीच नाही, त्याला निदान झीज मंदावण्याची संधी तरी का नाकारायची? याला नाकारण्यापेक्षा नीट सांगणे हे उत्तर आहे. जो माणूस सर्व आकडे समजून, ओल्या प्रकाराचा वाढीव धोका ध्यानात घेऊन इंजेक्शन निवडतो, त्याच्या निवडीचा मान राखावा. पण ‘या औषधाने नजर वाचते’ आणि ‘या औषधाने झीज थोडी मंदावते, नजरेचा फायदा अजून दिसलेला नाही’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरे वाक्य न ऐकता घेतलेली संमती ही पूर्ण संमती नव्हे.

आपल्याकडे या चर्चेला एक वेगळीच धार आहे. २०२३ च्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि स्मार्ट इंडिया या अभ्यासात चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी सुमारे साडेबारा टक्क्यांत पडदाविकार, तर चार टक्क्यांत दृष्टी धोक्यात आणणारा टप्पा आढळला. इथे चित्राला त्याची खरी जागा सापडते. तक्रार सुरू होण्याआधी धोका असलेला माणूस हुडकून काढायला पडद्याच्या फोटोसारखे साधन नाही. गूगलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेल्या संगणकीय निदानाच्या अभ्यासात भारतीय नेत्ररुग्णालयांतली छायाचित्रे वापरली होती, ती याचसाठी. मात्र अमेरिकी चाचण्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे उचलण्यात धोका आहे. ‘फक्त नजर ठेवा’ हा गट तिथे तगला, कारण त्याच्यावर खरोखर नजर ठेवली जात होती. तारीख चुकली तर फोन जात होता. बिघाड दिसताच इंजेक्शन मिळत होते. गावातून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, दिवसाची मजुरी बुडवून, कोणाला तरी सोबत घेऊन यावे लागणाऱ्या रुग्णाला ही शाश्वती नाही. फिलाडेल्फियातल्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये दाखवले, की सहा महिन्यांहून जास्त काळ तपासणीला न फिरकलेल्या मधुमेहींत ज्यांना फक्त इंजेक्शने मिळाली होती, त्यांच्या डोळ्यांची अवस्था लेसर झालेल्यांपेक्षा वाईट निघाली. म्हणजे ज्या लेसरला दृष्टिक्षेत्राच्या मोजमापात कमी गुण मिळतात, तोच परत येण्याची खात्री नसलेल्या माणसाला अधिक सुरक्षित ठरू शकतो. नजरेवर निकाल लावायचा म्हणजे चाचणीतल्या नजरेवर नव्हे, त्या माणसाच्या परिस्थितीत टिकणाऱ्या नजरेवर. हा हिशेब इथल्या रुग्णांवर, इथल्या प्रश्नावलीने, इथल्या येण्याजाण्याच्या अडचणी धरून केलेल्या संशोधनातूनच होईल, आणि त्यासाठी सार्वजनिक पैसा लागेल. स्वस्त औषध महागड्याइतकेच चांगले आहे, हे सिद्ध करण्यात कोणत्या कंपनीला रस असणार?

वाचकाने यातून काय घ्यावे? मधुमेह असेल तर दिसायला उत्तम असले, तरी वर्षातून एकदा पडद्याची तपासणी. त्यात हयगय नको. चालू असलेली इंजेक्शने हा लेख वाचून थांबवू नयेत. ओल्या प्रकारात आणि नजर घटलेल्या सुजेत त्यांचा फायदा नजरेवरच सिद्ध झालेला आहे. पण नवा उपचार सुचवला गेला, तर डॉक्टरांना तीन गोष्टी स्वच्छ विचाराव्यात. चाचणीत सुधारले ते चित्र की नजर? नजर सुधारली असेल तर रोजच्या कोणत्या कामात तो फरक जाणवेल? आणि मला ठरलेल्या तारखांना येणे जमले नाही, तर काय होईल? चांगल्या डॉक्टरांना हे प्रश्न आवडतात, कारण तेही औषध कंपनीच्या प्रतिनिधीला हेच विचारत असतात. नियामकांनीही मान्यतेच्या कागदावर पहिल्या ओळीत याच प्रश्नांची उत्तरे छापायला लावली, तर अमेरिका आणि युरोप यांच्यातला वाद संपला नाही तरी रुग्णाला तो निदान समजेल.